हूकहून बोटीने हॅरिच: उतरल्या उतरल्या लंडनला पळू नका

रानजाई

आमच्याकडे नेदरलँड्सला येणारा प्रत्येक पाहुणा पाचव्या दिवशी म्हणतो, "आता आलोच आहोत, तर लंडनही उरकून घेऊ." गेल्या जूनमध्ये सासरे आले होते. अण्णा मूळचे हर्णैचे, वय 74. त्यांनीही तेच म्हटलं, फक्त पुढे जोडलं, "विमान नको. तुमच्या इथून बोट जाते म्हणे. मग बोटीनेच."

लहानपणी अण्णा मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून बोटीने गावी जायचे. हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे. भर समुद्रात उभी राहायची आणि पडावात उतरून किनारा गाठायचा. आजी बिचारी बोट लागून आडवी असायची, अण्णा कठड्याला चिकटलेले. त्यामुळे बोट म्हटल्यावर डोळे लकाकले, त्यात नवल नाही.

तर हूक व्हॅन हॉलंड ते इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हॅरिच. (स्पेलिंगमध्ये मध्ये एक डब्ल्यू आहे, तो उच्चारायचा नाही. आम्ही दोन दिवस "हार्विच" म्हणत होतो, कोणीही दुरुस्त केलं नाही, नुसते हसले.) रॉटरडॅमहून मेट्रोची बी लाइन थेट हूकच्या बंदरापर्यंत जाते, स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच बोटीची इमारत. रात्री दहाच्या सुमारास बोट सुटते. या मार्गावर स्टेना लाइनच्या दोन जुळ्या बोटी आहेत, हॉलंडिका आणि ब्रिटानिका, प्रत्येकी 240 मीटर लांब. पोटात ट्रकच्या रांगा, वर खोल्या, उपाहारगृह, दुकान. अण्णा खालून वर बघत म्हणाले, "ही बोट नव्हे गं, ही चाळ आहे."

पहाटे पाचला जाग आली तर अण्णांची खाट रिकामी. पोटात गोळा. धावत वर गेले तर हे कानटोपी घालून कठड्याशी. उजव्या हाताला फेलिक्स्टोच्या कंटेनर बंदराचे क्रेन दिवे लावून उभे, डाव्या हाताला एक बुटकं, विटकरी गाव झोपलेलं. अण्णांनी बोट दाखवून विचारलं, "एवढ्याशा गावाला दोन दीपगृहं कशाला? तीही इतकी जवळजवळ?"

मला उत्तर येत नव्हतं. माझा बेत साडेसहाला उतरून पहिल्या गाडीने लंडन गाठायचा होता. अण्णा म्हणाले, "लंडन कुठं जातंय? आधी ते दोन दिवे बघू."

रविवार होता. बोट जिथे लागते ते हॅरिच इंटरनॅशनल स्टेशन जुन्या गावापासून तीनेक किलोमीटर अलीकडे आहे आणि गावात जाणाऱ्या गाडीला भरपूर वेळ होता. फलाटावरच्या बाकावर बसून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासमधला चहा संपवला. साहेबाच्या देशातला पहिला नाश्ता! मग दोन स्टेशनं जाऊन हॅरिच टाउनला उतरलो. तिथे रूळच संपतात.

बाकीचं जरा दमाने लिहिते. घरी कोणी कणीक मळून ठेवलेली नाही.

शंकासुर

छान, पण नऊ-साडेनऊ तास बोटीत घालवून तीन रस्त्यांचं गाव बघायचं? स्किपोलहून लंडन तासाभराचं विमान आहे.

चहाबाज

शंकासुरा, रात्रभर झोपलास तर ते तास मोजायचे नसतात. हॉटेलची एक रात्र वाचते हेही धर.

रानजाई, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि ते दोन दीपगृहांचं काय ते आधी सांग.

जुना_खलाशी

ते मी सांगतो. व्यापारी जहाजांवर बत्तीस वर्षं काढली, न्हावा शेवाहून निघून फेलिक्स्टोला कितीदा लागलो त्याची गणती नाही. दर वेळी पाण्यापलीकडून हॅरिच दिसायचं, पण किनाऱ्यावर उतरायला वेळ कधीच मिळाला नाही. कंटेनरच्या धंद्यात जहाज बंदरात थांबतं कुठे?

एक दीपगृह नुसतं सांगतं की "मी इथे आहे." दोन दीपगृहं रस्ता सांगतात. पुढचा दिवा बुटका, मागचा उंच. समुद्रातून येताना उंच दिवा बुटक्याच्या बरोबर डोक्यावर दिसला की तुम्ही खोल पाण्याच्या वाटेवर आहात. वरचा दिवा डावीकडे सरकलेला दिसला तर तुम्ही वाटेच्या डावीकडे गेलात, जहाज उजवीकडे घ्या. होकायंत्र नसलेल्या माणसालाही कळेल इतकं सोपं. हॅरिचची ही जोडी 1818 ची, उंच दीपगृह 90 फूट, बुटकं 45.

आता खरी गंमत. गावाच्या दक्षिणेला बीकन हिलचा कडा आहे. त्यातल्या दगडापासून त्या काळी चांगलं सिमेंट व्हायचं, म्हणून लोकांनी तो पोखरला. कडा ढासळू लागला. समोरच्या काठावरची लँडगार्डची वाळू-गोट्यांची जीभ लांबत गेली. पाण्याची वाट सरकली, दिवे मात्र होते तिथेच. म्हणजे दिव्यांवर भरवसा ठेवून येणारा थेट उथळ पाण्यात! शेवटी 1863 मध्ये हे दोन्ही दिवे बंद करून डोव्हरकोर्टच्या किनाऱ्यावर लोखंडी पायांची नवी जोडी उभी केली. तीही 1917 मध्ये निवृत्त झाली.

शंकासुर

म्हणजे चुकीचा रस्ता दाखवणारं दीपगृह. आता जरा बरा लागला धागा.

जुना_खलाशी

अजून ऐक. हे दिवे खाजगी मालकीचे होते. मालक जनरल रीबो. बंदरात येणाऱ्या मालावर टनामागे एक पेनी घ्यायचे. 1836 मध्ये त्यांनी आपला हक्क ट्रिनिटी हाउस या दीपगृहांच्या संस्थेला 31,000 पौंडांना विकला. पुढे सत्तावीस वर्षांत दिवे निकामी. तळ्याकाठचा प्लॉट उन्हाळ्यात विकणारे आपल्याकडेही आहेत म्हणा.

रानजाई

जुना_खलाशीकाका, आम्ही असेच उभे होतो आणि अण्णांनी हेच सगळं मला करून दाखवलं, 1863 सोडून! हॅरिच ग्रीन म्हणजे समुद्राकाठचं मोठं हिरवं मैदान. तिथून अण्णा दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे असं करत राहिले आणि मग थांबले. "ये, इथे उभी राहा." बुटक्याच्या डोक्यावर उंच बरोबर बसलेला. म्हणाले, "आमच्याकडे मचवेवाले असंच करायचे. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत आणायची की खडक चुकला." एक बाई कुत्रं घेऊन चालली होती. ती बराच वेळ आमच्याकडे बघत होती.

आता गावाबद्दल. स्टूर आणि ऑर्वेल या दोन नद्या जिथे समुद्राला मिळतात, तिथल्या जिभेच्या टोकावर हॅरिच आहे. तिन्ही बाजूंनी पाणी. जुनं गाव इतकं लहान की अण्णांच्या गुडघ्यांनीही तक्रार केली नाही. समांतर गल्ल्या, मधून आडव्या बोळी. किंग्ज हेड स्ट्रीटवर 21 नंबरचं घर ख्रिस्तोफर जोन्सचं. 1620 मध्ये माणसं घेऊन अमेरिकेला गेलेल्या मेफ्लॉवर जहाजाचा कप्तान. जहाज प्लिमथहून निघालं म्हणून नाव प्लिमथचं झालं, पण कप्तान इथला आणि जहाजही जुन्या कागदांत "हॅरिचचं" म्हणूनच नोंदलेलं. घर आजही घरच आहे, पाटी वाचायची आणि पुढे जायचं. जोन्सची पहिली बायको समोरच्या घरातली, हे वाचून अण्णा खूश. "गल्लीतच सोयरीक!"

मैदानावर एक लाकडी झोपडीसारखं काहीतरी दिसतं. लक्ष गेलं नाही तर निघून जाल. ती 1667 ची यारी, म्हणजे ओझी उचलायची क्रेन आहे, नौदलाच्या गोदीतली, 1932 मध्ये इथे आणून ठेवली. आत 16 फूट व्यासाची दोन लाकडी चाकं. माणसांनी चाकाच्या आत शिरून चालायचं, पिंजऱ्यातली खार चालते तसं, की बाहेर ओझं वर चढतं. आणि ब्रेक नाही! ओझं निसटलं की चाक उलटं फिरणार आणि आतली माणसं गरगरा. आम्ही जाळीतून डोकावलो. फळ्या मधोमध झिजल्यासारख्या वाटल्या, का माझ्याच मनाचे खेळ कोण जाणे. अण्णा नाक लावून, "सागवान नाही हे." त्यांना एवढंच बघायचं होतं.

रॉटरडॅमकर

1667 वाचून राहवलं नाही. आमच्या डच शेजाऱ्यांचा लाडका विषय. त्या जूनमध्ये डच दर्यासारंग डी रुइटरच्या आरमाराने मेडवे नदीत घुसून इंग्रजांची जहाजं जाळली, त्यांचं निशाणाचं जहाज ओढून आणलं. आणि जुलैच्या 2 तारखेला तेच डच फेलिक्स्टोला उतरून लँडगार्डच्या किल्ल्यावर चालून गेले. तो किल्ला हॅरिचच्या समोरच, पाण्यापलीकडे. तो पडला नाही. पडता तर हॅरिचची गोदी आणि रानजाईची यारी दोन्ही गेल्या असत्या.

अवांतर: तेव्हाचा राजा म्हणजे दुसरा चार्ल्स, ज्याला पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई आंदण मिळाली. या लढाईनंतर वर्षभरात, 1668 मध्ये, त्याने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली.

शंकासुर

दहा पौंड! आणि दीपगृहाचे 31,000.

घाटावरची

खिक्. शंकासुर, आज पहिल्यांदा तुझ्या प्रतिसादाला +1.

रानजाई, व्यवहाराचे प्रश्न. आईबाबा सप्टेंबरात डेन हागला (हेगला) येतायत. शेंगेन व्हिसा आहे, ब्रिटनचा वेगळा लागेल ना? आणि बाबा कांदा-लसूणही खात नाहीत.

रानजाई

वेगळा लागेल, नक्कीच. आणि त्याहून महत्त्वाचं: शेंगेन व्हिसावर प्रवेश किती वेळा आहे ते आधी बघ. एकदाच असेल तर हूकला बाहेर पडल्याची नोंद झाली की परत येताना दार बंद. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचं हे बंदरावर लक्षात आलं. बॅगा घेऊन तसेच मेट्रोने घरी. अण्णांचा अर्ज करतानाच आम्ही अनेक वेळांच्या प्रवेशाचा मागितला होता.

ब्रिटनची तपासणी हॅरिचला उतरल्यावर होते. परतीचं तिकीट आणि आमच्या घरचा पत्ता हाताशी ठेवला होता, अण्णांना चार प्रश्न विचारले आणि सोडलं. रात्रीच्या बोटीत खोली घेणं सक्तीचं आहे, ते पैसे तिकिटात धर. सगळ्यात आतली, खिडकी नसलेली खोली स्वस्त. रात्री खिडकीतून अंधारच दिसतो, आम्ही तीच घेतली.

जेवण: बटाट्याचे काप, ब्रेड, फळं, एवढ्यावर बाबांना राहावं लागेल. दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी बांधून ने. येताना मात्र लंडनच्या साउथॉलहून पेढे, श्रीखंड, पनीर आणू नकोस. ब्रिटनमधून युरोपीय संघात दूधदुभतं आणि मांस नेता येत नाही, बॅगा उघडल्या तर टाकून द्यावं लागतं.

घाटावरची

श्रीखंड वाचलं म्हणायचं, आम्ही ते आणणारच होतो. धन्यवाद. बोट लागते का फार?

चहाबाज

जूनमध्ये काही नाही. मी एकदा जानेवारीत गेलो होतो, तेव्हा आयुष्यभराची कर्मं आठवली. खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्यावरची खोली माग, टोकाची नको. टोक सर्वात जास्त वरखाली होतं. आणि आलेपाक. रिकाम्या पोटी अजिबात राहू नये, लोक नेमकं तेच करतात.

इस्टअँग्लियाकर

मी कोल्चेस्टरला राहतो, हॅरिच अर्ध्या-पाऊण तासावर. रानजाईने गोड बाजू लिहिली, मी दुसरी लिहितो. मुख्य रस्त्यावर रया गेलेली दुकानं बरीच आहेत. डोव्हरकोर्टचा बाजार तर दुपारी चारला पेंगतो. रेल्वेने 1883 मध्ये बोटींचा धक्का गावाबाहेर पार्कस्टनला नेला, तेव्हापासून प्रवासी गावाला वळसा घालूनच जातो. कोकण रेल्वेने स्टेशनं गावांपासून लांब काढली आणि एसटी स्टँडाजवळची हॉटेलं ओस पडली, तसंच काहीसं. लंडनला पळणाऱ्यांना दोष देऊन काय उपयोग? त्यांना गाव दिसतच नाही.

बाकी बघायला आहे. हाफपेनी पिअर 1853 चा, आत जायला अर्धी पेनी लागायची म्हणून ते नाव. मूळ धक्का दुप्पट लांब होता, 1927 मध्ये अर्धा जळाला. हवा बरी असेल त्या महिन्यांत तिथूनच एक छोटी लाँच समोर फेलिक्स्टोच्या बाजूला लँडगार्डला आणि शॉटलीला जाते. मोठ्या बोटीपेक्षा मला ती जास्त आवडते. कंटेनर जहाजाच्या अंगाखालून जाताना मान मोडते.

इलेक्ट्रिक पॅलेस चुकवू नका. 1911 चं सिनेमागृह, अठरा आठवड्यांत बांधलेलं, मूकपटांच्या काळातला पडदा अजून तिथे आहे. 1956 मध्ये बंद पडलं, गावकऱ्यांनी 1981 मध्ये पुन्हा सुरू केलं.

रानजाई

इस्टअँग्लियाकर, मान्य. दुपारी जेवायला जागा शोधताना आमचाही घाम निघाला. एका ठिकाणी दारावर "दहाला उघडेल" अशी पाटी, माणूस आला साडेअकराला, तोही "आज स्वयंपाकघर बंद" हे सांगायला. पण त्याच दिवशी रीडाउट किल्ल्यावर तिकीट फाडणाऱ्या आजोबांनी अण्णांना अख्खा किल्ला फिरवून दाखवला. हॅरिच सोसायटी म्हणून गावकऱ्यांची संस्था आहे, ढासळलेला किल्ला त्यांच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून उभा केला.

किल्ला नेपोलियनच्या भीतीने 1808 ते 1810 मध्ये बांधलेला. पूर्ण गोल, 180 फूट व्यास, भोवती कोरडा खंदक, वर दहा तोफा. शत्रूवर एकही गोळा सुटला नाही, कारण नेपोलियन आलाच नाही. आजोबा हे जरा ओशाळून सांगत होते. अण्णांनी त्यांना सुवर्णदुर्गाबद्दल सांगितलं, हर्णैच्या समोर पाण्यात उभा असलेला. मी मध्ये दुभाषी. दोन म्हातारे तोफेवर हात ठेवून आपापल्या किल्ल्यांची बढाई मारतायत, एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी कामापुरतं. मला भाषांतर करायची गरज फारशी पडलीच नाही.

जुना_खलाशी

डोव्हरकोर्टला गेलात का? ऑल सेंट्स चर्चच्या आवारात कॅप्टन चार्ल्स फ्रायटची कबर आहे. आम्हा दर्यावर्दी लोकांना हे नाव ठाऊक असतं. हा लढाऊ जहाजावरचा नव्हे, रेल्वे कंपनीच्या बोटीचा कप्तान, याच हॉलंडच्या वाऱ्या करणारा. मार्च 1915 मध्ये जर्मन पाणबुडीने त्याच्या "ब्रसेल्स" बोटीला थांबायचा इशारा केला. याने न थांबता बोट सरळ पाणबुडीवर घातली, तिला बुडी मारून पळावं लागलं. पुढच्या वर्षी जर्मनांनी त्याला पकडलं, सैनिक नसून लढलास असा ठपका ठेवला आणि 27 जुलै 1916 रोजी ब्रूजला गोळ्या घातल्या. 1919 मध्ये त्याचा देह परत आणला.

रानजाई

नाही हो काका, राहिलंच. डोव्हरकोर्टला आम्ही फक्त ते लोखंडी पायांचे दिवे बघायला किनाऱ्याने चालत गेलो. ओहोटी होती. अण्णा चपला हातात घेऊन थेट दिव्यापर्यंत. लंडनचं नाव त्यांनी दिवसभर काढलं नाही.

रॉटरडॅमकर

आणि धक्क्यावरचा मुलांचा पुतळा?

रानजाई

तो लिहायचा टाळत होते.

डिसेंबर 1938 च्या 2 तारखेला जर्मनीतल्या ज्यू मुलांची पहिली तुकडी हूकहून "प्राग" नावाच्या बोटीने इथे पोचली, सुमारे दोनशे मुलं. आईवडिलांना बरोबर येता येत नव्हतं. पुढच्या नऊ महिन्यांत अशी जवळपास दहा हजार मुलं ब्रिटनमध्ये आली, त्यातली बरीचशी याच वाटेने. पहिल्यांना डोव्हरकोर्टच्या उन्हाळी सुट्टीच्या छावणीत ठेवलं, ऐन हिवाळ्यात. 2022 मध्ये हॅरिचच्या धक्क्यावर ब्राँझचा पुतळा बसवला: बोटीच्या शिडीवरून पाच मुलं उतरतायत. चबुतरा नाही, दोरखंड नाही, तुम्ही शिडीच्या पायथ्याशी जाऊन उभे राहू शकता.

मी पाटी वाचून अण्णांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि आईबाप?" म्हटलं, बहुतेकांना पुन्हा भेटलेच नाहीत. अण्णा काही बोलले नाहीत. खाली बसून एका मुलाच्या बुटात अडकलेला चिप्सचा कागद काढला, घडी करून खिशात ठेवला.

आम्ही त्याच वाटेने आलो होतो. आतल्या खोलीत, चादर पांघरून.

रॉटरडॅमकर

हूकलाही बंदराजवळ अशाच मुलांचं शिल्प आहे, 2011 चं. शिल्पकार फ्रँक मायस्लर स्वतः त्या मुलांपैकी एक. बोटीत चढायच्या आधी अर्धा तास लवकर जा आणि ते बघा. मग हॅरिचचं बघा.

घाटावरची

वाचनखूण साठवली.

रानजाई, एकच शेवटचं. तुम्ही मुक्काम केलात की त्याच दिवशी निघालात? आणि लंडन झालं का?

रानजाई

एक रात्र राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनिंगट्रीला गाडी बदलून लंडनला गेलो. बोट आणि रेल्वेचं मिळून "रेल अँड सेल" तिकीट असतं, ते घे, सुटं काढण्यापेक्षा स्वस्त पडतं. लंडनला राजवाडा, पूल, ते चाक, सगळं झालं.

परत येताना दिवसाची बोट घेतली, सकाळी नऊची. अण्णांना गाव उजेडात मागे पडताना बघायचं होतं. दोन्ही दिवे एका रेषेत कुठे येतात ते शोधत होते. बोट नव्या वाटेने जाते, त्यामुळे ते नीट आलेच नाहीत. "बघ," म्हणाले, "अजून चुकीचंच सांगतायत."

सप्टेंबरात जातेस तर रीडाउट आणि बुटक्या दीपगृहातलं संग्रहालय कोणत्या वारी उघडं आहे ते निघायच्या आधी बघून घे. आणि रविवारी पोचणार असशील तर पुऱ्या जास्त कर.